समजा, जयो हिरो असता

समजा, जयवंत कोयंडे हिरो असता.
समजा त्या मे महिन्यात, सर्जेकोटच्या वाळूत
मासळी सुकवायच्या चार काठ्या रोवून,
फाटक्या जाळ्याची निळी दोरी तीन पदरी ओढून
आम्ही जी रिंग उभी केली
तिच्यात उजव्या कोपऱ्यातून तो आला असता
आणि डाव्या कोपऱ्यातून उदय सारंग.

पात्रं मी ठरवली होती.
शंभर पानी वही. मागून भूगोलाचे नकाशे,
पुढून कोण कुणाला दगा देणार, कितव्या शनिवारी.
केबल फक्त सारंगांच्या घरी,
आम्ही त्यांच्या खिडकीत लटकून कुस्त्या बघायचो,
म्हणून उदय हिरो.
आणि जयो काळा, जाडा,
बापाच्या सदऱ्याला बर्फाच्या फॅक्टरीतला अमोनिया,
म्हणून जयो खलनायक.
दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

नाव दिलं, काळी मोरी.
(घाटावरचे पाहुणे हसले. त्यांच्याकडे मोरीत आंघोळ करतात.
आमच्याकडे मोरीला दात असतात.)

तव्याची मस तोंडाला फासून तो यायचा.
सुकट उलटणाऱ्या बायका हात थांबवून ओरडायच्या,
"मेल्या, सोड त्या पोराक!"
ओल्या वाळूचे गोळे त्याच्या पाठीवर फुटायचे,
एकदा तर एक अख्खा बांगडा.
आणि उदयला डोक्यावर उचलून
गरगर फिरवताना
तो हळूच विचारायचा,
"धरलंय मा नीट? सोडू?"

हे ऐकलं फक्त पास्कूने.
पंच तो. पोटावर पडून, वाळूवर हात आपटत
एक, दोन, तीन मोजायचा.
त्याने मला ते सांगितलं वीस वर्षांनी,
जेटीवर, सुरमईचा लिलाव सुरू व्हायच्या आधी,
काहीतरी भलतंच बोलता बोलता.

तेव्हापासून मी ती वही मनात पुन्हा लिहितो.
समजा, दगा पास्कूनेच दिला असता?
नाही जमणार, त्याला खोटं मोजता येत नाही,
दोनवरच अडखळला असता.
समजा, वामन तारी?
वामनला हसू आवरत नसे. खलनायक स्वतःच खिदळतोय
म्हटल्यावर कोण वाळू फेकणार.
समजा, उदय.

उदयला शिकवावं लागलं नसतं.
मोडीत निघालेल्या बोटींच्या नावावर
सोसायटीचं डिझेल त्याने दोन वर्षं उचललं,
आणि पिंपं कमी भरली तेव्हा
पहिली चौकशी झाली जयोची.
मस धुऊन इतकी वर्षं झाली तरी.
उदय असं करायचा नाही, माणसं म्हणाली,
लहानपणापासून बघतोय आम्ही त्याला.

काय बघत होता?
माझी वही.

शिमग्याला गावी गेलो तेव्हा जयो
इंजिनात कोपरापर्यंत हात घालून बसला होता.
मी आडून आडून विषय काढला. म्हटलं,
पोरं परत खेळ लावतायत, आपणही एक दिवस,
यावेळी तू हिरो.

"माका नको," तो म्हणाला. वर बघितलंसुद्धा नाही.
"हिरोक उचलणारो कोणतरी होयो.
माका उचलणारो तुमच्यात होतो खंय?"
मग बराच वेळ नुसता ग्रीसचा वास.
मग,
"मी उदयाक एकदा तरी पाडलंय काय?
ता लिवन घे तुझ्या व्हयीत.
बारा नंबरचो पानो दी."

मी चौदाचा दिला.
त्याने काही न बोलता
तो बाजूला ठेवला,
आणि हात लांब करून
हवा तो स्वतःच घेतला.